वरच्या मजल्यावरचा फ्लॅट रात्रीच का तापतो, आणि थर्माकोल नक्की कुठे लावायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सिंहगड रोडला सातव्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर टू बीएचके, बिल्डिंग पंधरा वर्षं जुनी, पश्चिमेच्या बेडरूममध्ये सासूबाई झोपतात, आणि दुपारी जेवढं गरम होत नाही तेवढं रात्री नऊ-दहाला होतं. दीड टनाचा एसी बारापर्यंत कट-ऑफच होत नाही. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय की चारही भिंतींना आतून थर्माकोल लावू, वर पीओपी करू, सीलिंगला हीट प्रूफ पेंट मारू, काम खल्लास. आणि तुम्ही विचारलंय की एवढा खर्च करावा का.

चारही भिंतींना करू नका. खर्च करायचा तो डोक्यावर करा, नंतर पश्चिमेच्या खिडकीवर, आणि भिंतीचा विचार सगळ्यात शेवटी. मी गेली बावीस वर्षं पुण्यात वॉटरप्रूफिंग आणि इन्सुलेशनचीच कामं करतोय आणि दर एप्रिलमध्ये हाच प्रश्न येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. का ते एकदा कळलं की पुढे कुणी काहीही कोटेशन दिलं तरी तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

पहिली गोष्ट, 'उष्णता वर जाते' हे आपण शाळेपासून ऐकतो आणि घराच्या बाबतीत तिथेच घोळ होतो. वर जाते ती गरम हवा. उष्णता गरम वस्तूकडून गार वस्तूकडे जाते, वर खाली आडवी कुठेही. तुमचा स्लॅब गरम आहे आणि सासूबाईंचं अंग त्याच्यापेक्षा गार आहे, त्यामुळे उष्णता सरळ खाली त्यांच्या अंगावर येते, मधल्या हवेला हात न लावता, जशी शेकोटीची धग तोंडाला लागते तशी. म्हणून होतं काय की खोलीतली हवा एसीने २६ अंशावर आणली तरी माणूस म्हणतो गरम होतंय, आणि ते खरंच असतं. कातडीचं तापमान साधारण ३३-३४ अंश, आणि छत चाळिशीला पोचलेलं, म्हणजे अंगातली उष्णता छताकडे जायची ती जात नाहीच, उलट छताकडून येते. आजी म्हणतात ना 'वरून वाफा येतायत', त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, फक्त ती वाफ नाही, धग आहे.

आता ही धग कुठून आली. एप्रिलमध्ये पुण्यात आडव्या गच्चीवर भर दुपारी चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास ऊन पडतं, दिवसभराचं मिळून सात युनिटच्या जवळपास. आपलं अक्षांश साडेअठरा, १३ मेच्या सुमारास तर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. तुमच्या १२० चौरस फुटांच्या बेडरूमच्या वरच्या गच्चीवर म्हणजे दिवसाला सत्तर-पंच्याहत्तर युनिट उष्णता ओतली जाते. त्यातलं बरंचसं वारा आणि रात्रीचं उघडं आकाश परत घेऊन जातं, पण जे आत मुरतं ते पुरेसं असतं. सिमेंटची करडी गच्ची दुपारी दोनला साठ अंशाच्या वर जाते, अनवाणी चालता येत नाही हे तुम्ही पापड वाळत घालताना अनुभवलंच असेल.

आणि मुख्य मुद्दा हा, की ही उष्णता लगेच खाली येत नाही. सहा इंची आरसीसी स्लॅब, त्यावर तीन-चार इंच ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर), ह्या एवढ्या जाडीतून उष्णतेची लाट खाली पोचायला सहा-सात तास लागतात. दुपारी दोनचं ऊन रात्री आठ-नऊला तुमच्या सीलिंगवर उतरतं. बाहेर तेव्हा मस्त वारा सुटलेला असतो, पुण्याची रात्र एप्रिलमध्येसुद्धा २२-२३ पर्यंत उतरते, खालच्या मजल्यावरचे लोक खिडकी उघडून पंख्यावर झोपतात, आणि तुम्ही मात्र दुपारच्या उन्हात बसलेले असता. एसी रात्री भांडतो तो त्या साठलेल्या उन्हाशी. म्हणून इलाज आहे तो ऊन स्लॅबमध्ये शिरायच्या आधीच, शिरल्यानंतर जे काही करू ते मलमपट्टी.

तुमच्या कॉन्ट्रॅक्टरचा हीट प्रूफ पेंट म्हणूनच आतून मारून काही उपयोग नाही. असा पेंट ऊन परतवतो, आणि ऊन पडतं गच्चीवर. आतल्या सीलिंगवर ऊन पडतच नाही तर परतवणार काय? रंगाचा थर असतो मिलिमीटरचा काही भाग, त्याने उष्णता अडत नाही. तोच डबा गच्चीवर वापरला तर फरक पडतो.

आता इन्सुलेशन म्हणजे काय ते. काँक्रीटमधून उष्णता किती सहज जाते त्याचा आकडा साधारण १.६, भाजक्या विटेचा ०.७ च्या आसपास, एएसी ब्लॉकचा, म्हणजे बांधकामातल्या त्या हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ब्लॉकचा, ०.२ च्या खालीवर, थर्माकोलचा ०.०३५ ते ०.०४, एक्सपीएस बोर्डचा (थर्माकोलचाच घट्ट भाऊ) ०.०३, पफचा, म्हणजे पॉलियुरेथेन फोमचा, ०.०२५. आकडा जितका लहान तितकं चांगलं. थर्माकोलमध्ये जादू काही नाही, ती कोंडून ठेवलेली हवा आहे, आणि न हलणारी हवा हीच मोठी रजई. हिशोब केला तर दोन इंच एक्सपीएस जेवढी उष्णता अडवतो तेवढी अडवायला आठ फुटांपेक्षा जाड काँक्रीट लागेल. त्यामुळे 'आमचा स्लॅब चांगला जाड आहे' ह्याने लाट उशिरा येते इतकंच, थांबत नाही. तुमच्यासारख्या कोबा केलेल्या छताचा यू व्हॅल्यू, म्हणजे एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमधून किती वॅट आत येतात तो, साधारण २.३ असतो. केंद्र सरकारची घरांसाठीची इको निवास संहिता २०१८ साली आली, ती म्हणते छताचा १.२ च्या वर नको. दोन इंच एक्सपीएस टाकला की तो ०.५ च्या आसपास येतो, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा.

हा बोर्ड स्लॅबच्या वर टाकायचा की खाली, ह्यावर लोक भांडतात. माझं मत स्पष्ट आहे, जमत असेल तर वर. वर टाकला की स्लॅब सावलीत बसल्यासारखा गार राहतो, रोज तापून फुगणं आणि रात्री आकसणं थांबतं, पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, बुडाशी ती जी आडवी चीर जाते आणि पावसाळ्यात तिथूनच पाणी येतं, ते पण कमी होतं. पद्धत अशी की आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर बोर्ड, त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड, मग जाळी टाकून दीड-दोन इंच स्क्रीड, म्हणजे सिमेंटचा थर, आणि वरून पांढरी चायना मोझॅक. इथे थर्माकोल नको, ते हळूहळू पाणी पितं. एक्सपीएसमधले हवेचे कप्पे बंद असतात म्हणून तो टिकतो. ग्लासवूल तर गच्चीवर अजिबात नाही, एकदा भिजलं की ते इन्सुलेशन राहत नाही, ओली गोधडी होते. स्क्रीडचं वजन चौरस मीटरला शंभर किलोच्या पुढे जातं आणि चढता येणारी गच्ची साधारण चौरस मीटरला दीडशे किलोच्या लाइव्ह लोडला, म्हणजे माणसं-सामानाच्या वजनाला, डिझाइन केलेली असते, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय कोबा तसाच ठेवून त्यावर अजून थर चढवत बसायचं नाही. बऱ्याचदा जुना कोबा काढून नव्याने करणंच शहाणपणाचं असतं, विशेषतः गळती सुरू झाली असेल तर. गच्चीवर बाग करायची स्वप्नं बघणाऱ्यांनी पण हा आकडा लक्षात ठेवा, सहा इंच ओली माती चौरस मीटरला अडीचशे किलोच्या घरात जाते.

पण टेरेस सोसायटीचं, मीटिंग होणार, खालचे सहा मजले म्हणणार आम्हाला काय त्याचं. हे पुण्यात नेहमीचं आहे. तेव्हा खालून करायची वेळ येते, आणि एका बाबतीत खालून करण्याचा खरंच फायदा आहे, तो मी लपवणार नाही. ज्या खोलीत फक्त रात्री सहा-सात तास एसी चालतो तिथे खालून इन्सुलेशन असलं की एसीला तो कित्येक टनांचा गरम स्लॅब गार करत बसावं लागत नाही, खोली पंधरा-वीस मिनिटांत गार होते. सासूबाईंच्या खोलीला म्हणूनच हे चालेल. तोटा असा की स्लॅब वर तापतच राहतो, आधीपेक्षा थोडा जास्तच, आणि चिरांचा प्रश्न तसाच राहतो.

खालून करताना मात्र कॉन्ट्रॅक्टर म्हणतो तसं साधं थर्माकोल नको. ते आगीत वितळून टपकतं आणि धूर भयंकर होतो, आणि त्याच पीओपीमध्ये तुम्ही कन्सील्ड लाइट बसवणार, त्यांच्या वायरी आणि ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारे छोटे डबे) थर्माकोलला टेकलेले. झोपायच्या खोलीत हे नकोच. रॉकवूलचे, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीचे, दोन इंची स्लॅब घ्या, ते जळत नाही, खालून जिप्सम बोर्ड. उंची थोडी जाईल, पंख्याचा रॉड लहान करावा लागेल, पाती छतापासून फूटभर तरी खाली राहिली पाहिजेत. आणि जर फॉल्स सीलिंगमध्ये पोकळी ठेवणारच आहात तर अॅल्युमिनियम फॉइल वापरा, पण चमकती बाजू पोकळीकडे तोंड करून, आणि मधे इंचभर तरी हवा हवी. वरून खाली येणारी उष्णता त्या पोकळीत मुख्यतः धगीच्या रूपाने येते, कारण गरम हवा वरच चिकटून बसते, आणि चकचकीत फॉइल धग फारशी बाहेर सोडत नाही. पण तीच फॉइल दोन थरांमध्ये दाबून चिकटवली तर तिचा काहीही उपयोग नाही, अॅल्युमिनियम स्वतः उष्णतेचं उत्तम वाहक आहे. मी कितीतरी घरांत ही चिकटवलेली फॉइल पाहिली आहे, पैसे पूर्ण घेतलेले असतात.

ह्या सगळ्याच्या आधी, ह्याच आठवड्यात करण्यासारखी गोष्ट म्हणजे चुना. खरंच सांगतो, सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक चुना देतो. करडी गच्ची तीसेक टक्के ऊन परतवते, ताजा पांढरा चुना पंच्याहत्तरच्या पुढे. गच्चीचं तापमान दुपारी पंधरा-वीस अंशांनी उतरतं, खाली खोलीत दोन-तीन अंश. कळीचा चुना पिंपात भिजवायचा, टाकल्याबरोबर तो उकळतो तेव्हा जवळ उभं राहू नका, डोळ्यांत उडाला तर डोळा जाऊ शकतो, हातमोजे आणि गॉगल पाहिजेच. रात्रभर ठेवायचा, कापडाने गाळायचा, त्यात थोडं फेविकॉल, आणि कुंच्याने दोन हात, पहिला उभा दुसरा आडवा. आधी गच्ची धुवून घ्या, शेवाळ खरवडून काढा. पावसाळ्यात बराचसा धुऊन जातो, म्हणून दर वर्षी मार्चमध्ये परत मारायचा. आपल्याकडे बांधकामाची धूळ इतकी आहे की पंधरवड्यातून एकदा झाडू फिरवला नाही तर पांढरं करडं होतं आणि फायदा अर्धा होतो. कूल रूफ पेंट महाग पडतो पण तीन-चार वर्षं चालतो, कमिटी तयार असेल तर तो मारा. चुन्याला सोसायट्या सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त लेखी पत्र घ्या आणि चुना पाण्याच्या टाकीत किंवा रेनवॉटर हार्वेस्टिंगच्या पाइपात जाणार नाही हे बघा.

आता पश्चिमेची खिडकी. सहा बाय चारची स्लायडिंग, साधी काच. एप्रिल-मेमध्ये सूर्य पश्चिमेच्या जरा उत्तरेला मावळतो आणि पाच वाजता तो इतका खाली असतो की वरचा छज्जा कामाचाच नसतो. अशा खिडकीतून दुपारी चार-पाचला जवळजवळ हजार वॅट आत येतात, म्हणजे खोलीत एक हीटर लावून ठेवल्यासारखं. जाड पडदा आतून लावून थोडंच भागतं, कारण ऊन काचेतून एकदा आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. अडवायचं ते काचेच्या बाहेर. बांबूची चिक, वाळ्याचा पडदा, शेडनेट, बाल्कनी असेल तर तिथे वेल चढवा, काहीही चालेल पण बाहेरून. आमच्या लहानपणी पेठेतल्या वाड्यात दुपारी ओल्या वाळ्याचे पडदे सोडायचे, एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते काम अजूनही तितकंच चालतं. काचेवर फिल्म लावायची तर तिचा सोलर फॅक्टर किती, म्हणजे उन्हाचा किती हिस्सा ती आत सोडते, ते विचारा, नुसती काळी फिल्म ऊन स्वतः पिऊन तापते. डबल ग्लास विकायला येतील, त्यांना सांगा आधी सावली करू मग बघू.

दक्षिणेच्या भिंतीला लोक उगाच घाबरतात. उन्हाळ्यात सूर्य इतका वर असतो की दक्षिण भिंतीवर जेमतेम ऊन पडतं, मे-जूनमध्ये तर उत्तरेच्या भिंतीवरच येतं. दक्षिणेचं ऊन डिसेंबरातलं, आणि ते हवंहवंसं असतं.

भिंतींबद्दल. तुमची बाहेरची भिंत सहा इंची विटेची असणार, पश्चिमेची भिंत संध्याकाळी तापते हे खरं, पण तिच्यावर तीन-चार तास तिरपं ऊन, आणि छतावर दिवसभर सरळ. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून फिकट रंग द्या, आतून एक भरगच्च कपाट त्या भिंतीला लावा, बऱ्यापैकी काम होतं. ज्यांच्या बिल्डिंगा अॅल्युमिनियम शटरिंगच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या, आहेत, वाकड, हिंजवडी, वाघोलीकडे आता सर्रास असतात, त्यांच्या बाहेरच्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच, तिथे पश्चिमेची भिंत खरोखर त्रास देते आणि तिला इन्सुलेशन करण्यात अर्थ आहे, शक्यतो बाहेरून. एएसी ब्लॉकवाल्यांनी भिंतीला हात लावायची गरज नाही.

चारही भिंतींना आतून करू नका असं मी इतकं ठासून का म्हणतोय, तर सुरुवातीच्या काळात मी स्वतः ती चूक केली आहे. बाणेरला एका बंगल्यात मालकांच्या आग्रहाने वरच्या खोलीच्या भिंती आतून दोन इंच फोमने मढवल्या, छताला मात्र बजेट संपलं म्हणून काही केलं नाही. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला की खोली आधीपेक्षा गरम आहे. आणि होती. पहाटेच्या गारव्याने भिंती गार होतात आणि दिवसा खोलीतली उष्णता पिऊन घेतात, ते मी बंद करून टाकलं होतं, वरून धग चालूच, आणि तिला जायला जागा नाही. अर्धं काम माझ्या खर्चाने काढलं आणि छताचं केलं. पुण्याला इन्सुलेशन करताना रात्रीचा गारवा आत यायची वाट बंद होता कामा नये, हे मी तिथे शिकलो. थंड प्रदेशातली पुस्तकं वाचून लोक घर थर्माससारखं बंद करायला जातात, तिथे आतली ऊब जपायची असते, आपल्याला दिवसा बंद आणि रात्री उघडं असं घर पाहिजे.

म्हणजे सकाळी नऊला खिडक्या, पडदे बंद, आणि संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की, साधारण साडेसात-आठनंतर, समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखा फुल्ल, पहाटेपर्यंत. डासांच्या जाळ्या नाहीत म्हणून पुण्यातली निम्मी घरं रात्री बंद असतात आणि दिवसभराचा ताप आत कोंडून ठेवतात. जाळ्या बसवून घ्या, एसीच्या सर्व्हिसिंगपेक्षा जास्त फायदा देतील. आणि दुपारी खिडक्या उघड्या ठेवू नका, वारा येतोय असं वाटतं पण तो ३९ अंशांचा असतो.

गच्चीवर पाणी मारावं का, हेही तुम्ही विचारलंत. एक लिटर पाणी वाळताना जवळपास पाऊण युनिटला थोडी कमी एवढी उष्णता घेऊन जातं, म्हणजे गोणपाट अंथरून ओलं ठेवलं तर उत्तमच, पण उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हे मी सुचवणार नाही. आरओचं वाया जाणारं पाणी साठवून वापरत असाल तर जरूर. फक्त संध्याकाळी सहाला गच्चीवर पाणी मारण्यापेक्षा सकाळी अकरापासून गोणपाट ओलं ठेवलं तर फायदा जास्त, कारण तेव्हा ऊन अजून आत मुरलेलं नसतं.

खर्च करण्याआधी एक काम करा. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो, तो नसेल तर स्टुलावर चढून तळहात लावला तरी कळतं. रात्री नऊला सीलिंगचं, पश्चिमेच्या भिंतीचं, आतल्या भिंतीचं आणि फरशीचं तापमान लिहून ठेवा. फॉइल किंवा स्टीलवर थर्मामीटर चुकीचं दाखवतो, रंगाच्या भिंतीवर बरोबर. सीलिंग फरशीपेक्षा सहा-सात अंशांनी गरम आणि पश्चिमेची भिंत दोन-तीन अंशांनी असेल तर मी वर लिहिलेला क्रम तुम्हाला लागू. भिंतच जास्त गरम निघाली तर मला आकडे कळवा, मग वेगळा विचार करू. चुना मारल्यावर आठ दिवसांनी त्याच वेळेला परत मोजा, आणि तो कागद घेऊन कमिटीपुढे जा. गच्चीवरचं एक्सपीएसचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच काढायचं असतं, मेमध्ये स्क्रीड भराभर सुकून तडकतो आणि जूनमध्ये पाऊस काम अर्धवट ठेवतो, त्यामुळे दिवाळीनंतरच्या मीटिंगला विषय अजेंड्यावर यायला हवा असेल तर आकडे आत्ताच गोळा करावे लागतील.